वाचक विचारतात : ‘बिंगो’ची हाक आणि परतीचे इंधन

प्रश्न : युद्धविषयक माहितीपटांत लढाऊ विमानाचा वैमानिक रेडिओवर ‘बिंगो’ किंवा ‘बिंगो फ्युएल’ असे म्हणतो आणि शत्रू समोर असतानाही विमान वळवून तळाकडे निघतो. विमानातील इंधन संपत आले, असा याचा अर्थ घ्यायचा का? इंधन शिल्लक असेल तर तो लढाई अर्धवट का सोडतो? याच संदर्भात ‘जोकर’ हा शब्दही ऐकला. तो काय आहे?

उत्तर : ‘बिंगो’ म्हणजे इंधन संपले, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. बिंगो हा उड्डाणापूर्वी ठरवलेला इंधनाचा एक आकडा असतो. विमान जेथे काम करत आहे तेथून नेमलेल्या मार्गाने तळावर परतायचे, सुखरूप उतरायचे आणि उतरल्यानंतरही टाकीत नियमाने सांगितलेली शिल्लक ठेवायची, यासाठी जेवढे इंधन लागते तेवढेच आता उरले आहे, असे ही हाक सांगते. त्या क्षणी विमान पूर्णपणे ठणठणीत असते, इंजिन व्यवस्थित चालू असते आणि टाकीत बरेच इंधनही असते. फक्त त्यातला प्रत्येक किलो परतीच्या नावावर लिहिलेला असतो. लढाईसाठी खर्च करता येईल असे त्यात काही उरलेले नसते.

हा आकडा कसा निघतो, हे केवळ समजण्यापुरत्या एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. कामाच्या क्षेत्रातून तळापर्यंत काटकसरीच्या उंचीने आणि वेगाने येण्यास ९०० किलो इंधन लागते असे धरा. धावपट्टीच्या दिशेने खाली येऊन उतरण्यासाठी २०० किलो. तळावर ढग किंवा धुके येण्याची शक्यता असेल तर पर्यायी विमानतळ गाठण्यासाठी ४०० किलो. आणि या सगळ्यानंतर हात लावायचा नाही अशी राखीव शिल्लक ५०० किलो. म्हणजे त्या दिवशीच्या त्या उड्डाणाचा बिंगो २००० किलो झाला. हवामान स्वच्छ असेल तर पर्यायी विमानतळाचे इंधन वगळता येते आणि बिंगो खाली येतो. क्षेत्र दूर असेल तर तो वर जातो. त्यामुळे अमुक विमानाचा बिंगो किती, या प्रश्नाला एकच उत्तर नसते. तो आकडा त्या उड्डाणाचा असतो, विमानाच्या जातीचा नव्हे.

येथे आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. हे आकडे लिटरमध्ये नव्हे, तर वजनात, म्हणजे किलो किंवा पौंडांत मोजले जातात. तापमान बदलले की इंधनाचे आकारमान बदलते, पण त्याचे वजन तेच राहते, आणि इंजिनाला मिळणारी ऊर्जा वजनाशी निगडित असते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे, जो माझ्या मते या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. शत्रू समोर असताना वैमानिक परत का फिरतो? कारण परत फिरण्याचा निर्णय त्याने त्या क्षणी घेतलेलाच नसतो. तो निर्णय काही तासांपूर्वी, जमिनीवर, ब्रीफिंगच्या खोलीत, नकाशा आणि हवामानाचा अंदाज समोर ठेवून शांत डोक्याने घेतलेला असतो. प्रत्यक्ष झुंजीत वैमानिकाच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या सात-आठ पट भार येत असतो, मान वळवून मागे पाहावे लागते, रेडिओवर तीन-चार आवाज एकाच वेळी कानावर आदळत असतात, आणि लक्ष्य नजरेच्या टप्प्यात आले की बाकी सगळ्याचा विसर पडण्याचा धोका असतो. अशा अवस्थेत ‘आता येथून तळ किती दूर, वारा कोणत्या दिशेचा, किती इंधन पुरेल’ हे गणित मांडायला लावणे म्हणजे चुकीला आमंत्रण देणे आहे. शिवाय ‘आणखी एकच मिनिट’ हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो, अगदी निष्णात वैमानिकाच्याही. आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी यंत्रणा) चालू असताना इंधनाचा खर्च साध्या उड्डाणाच्या कित्येक पट होतो आणि त्या एका मिनिटात परतीच्या प्रवासाचा मोठा भाग जळून जातो. म्हणूनच गणित आधी करून ठेवायचे आणि हवेत फक्त त्याचे उत्तर पाळायचे, अशी ही रचना आहे.

‘जोकर’ हा बिंगोच्या अगोदरचा टप्पा आहे. वरच्या उदाहरणात बिंगो २००० किलोचा असेल तर जोकर २६०० किलोचा ठरवता येईल. जोकर म्हणजे झुंजीतून अंग काढून घेण्यास, सोबत्यांना एकत्र करण्यास आणि क्षेत्र सोडण्याची तयारी करण्यास आता सुरुवात करा, ही सूचना. शत्रूशी गुंतलेले विमान ‘चला, निघू’ म्हटल्याबरोबर सरळ रेषेत निघू शकत नाही. पाठ दाखवून निघाले तर पाठीवर क्षेपणास्त्र येते. सुटका करून घेण्यासाठीही काही वळणे, काही वेग आणि काही इंधन लागते. जोकर आणि बिंगो यांच्यातील फरक हा त्या सुटकेचा खर्च असतो. हे दोन्ही शब्द अमेरिका आणि नाटो देशांच्या हवाई दलांत वापरल्या जाणाऱ्या संक्षिप्त सांकेतिक शब्दांच्या यादीतील आहेत. त्याच यादीत ‘विंचेस्टर’ म्हणजे दारूगोळा संपला आणि ‘बँडिट’ म्हणजे ओळख पटलेले शत्रूचे विमान. हे शब्द गुप्ततेसाठी नाहीत. शत्रूला त्यांचा अर्थ ठाऊक असतो असे गृहीत धरूनच ते वापरले जातात. खरखरीत रेडिओवर, धाप लागलेल्या आवाजातही एका शब्दात नेमका अर्थ पोहोचावा, एवढाच त्यांचा हेतू आहे.

या हाकेची पद्धत फार साधी आहे. दोन विमानांच्या जोडीत दुसऱ्या क्रमांकाचा वैमानिक म्हणतो, “टू, जोकर.” जोडीचा नेता ती हाक ऐकल्याची पोच देतो. पुढे “टू, बिंगो” अशी हाक आली की नेत्याची टाकी कितीही भरलेली असली तरी निघायचे ते दोघांनी. आणि बहुतेक वेळा बिंगोची हाक दुसऱ्या क्रमांकाकडूनच आधी येते. त्याचे कारण असे की नेता आपल्या गतीने उडत असतो, तर सोबत्याला त्याच्या शेजारी नेमकी जागा राखण्यासाठी थ्रॉटल सतत पुढे-मागे करावा लागतो आणि त्यात त्याचे इंधन अधिक जळते. म्हणून संपूर्ण तुकडीचे गणित सर्वांत कमी इंधन उरलेल्या विमानावर बांधले जाते. चांगला नेता स्वतःच्या मापकापेक्षा सोबत्याच्या मापकाची चौकशी जास्त वेळा करतो, आणि जो नेता ती करत नाही त्याच्याबरोबर उडणे धोक्याचे असते.

आधुनिक विमानांत ही हाक यंत्रही देते. एफ-१६ या विमानात वैमानिक उड्डाणापूर्वी किंवा उड्डाणादरम्यान बिंगोचा आकडा भरतो. इंधन त्या आकड्याखाली गेले की डोळ्यांसमोरच्या पारदर्शक पडद्यावर इंधनाची खूण लुकलुकते आणि हेल्मेटमध्ये ध्वनिमुद्रित आवाज “बिंगो, बिंगो” असे बजावतो. यंत्रात आकडा एकच भरता येत असल्याने अनेक वैमानिक आधी जोकरचा आकडा भरतात, आणि तो इशारा वाजला की तेथे बिंगोचा आकडा बसवतात. मात्र यातला एक धोका उघड आहे. इशारा वाजला म्हणून आकडा खाली सरकवून तो गप्प करणे ही एका बोटाची हालचाल आहे. जोकरनंतर ती योग्य असते. बिंगोनंतर तीच हालचाल वैमानिकाला समुद्रात किंवा डोंगरात उतरवू शकते. सरावाच्या वेळी बिंगो नकळत ओलांडला गेल्याचे लक्षात आले तर सराव तत्काळ थांबवण्याची हाक दिली जाते, ती याच कारणासाठी.

ठरवलेला बिंगो हवेत बदलावाही लागतो. झुंज सरकत सरकत तळापासून दूर गेली, तर जुना आकडा अपुरा ठरतो. बाहेरच्या टाकीतून इंधन येणे बंद झाले तर मापकावरचा एकूण आकडा दिसतो तेवढा कामाचा राहत नाही, कारण अडकलेले इंधन असून नसल्यासारखेच असते. उतरण्याची चाके खाली अडकली तर हवेचा अवरोध इतका वाढतो की त्या अवस्थेसाठी बिंगोचा वेगळा, बराच मोठा आकडा धरावा लागतो. आणि परतीचा मार्गही नवख्या माणसाला उलटा वाटेल असा असतो : इंधन कमी असताना वैमानिक आधी उंच चढतो. जेट इंजिन वरच्या विरळ हवेत प्रत्येक किलोमीटरला कमी इंधन जाळते, त्यामुळे चढण्यात गेलेले इंधन लांबच्या परतीत वसूल होते, आणि तळापासून ठरावीक अंतरावर इंजिन मंद करून बरेचसे अंतर घसरत खाली येता येते. बिंगोच्या आकड्यात हा चढ आणि ही उतरण आधीच धरलेली असते. म्हणून त्याच उंचीने आणि त्याच वेगाने परतले तरच तो आकडा खरा ठरतो.

परतीचे इंधन हातात नसताना लढणे म्हणजे काय, हे इतिहासात वारंवार दिसले आहे. १९४० साली ब्रिटनवरील हवाई युद्धात जर्मनीची मेसरश्मिट १०९ ही विमाने लंडनवर पोहोचत तेव्हा त्यांच्याकडे झुंजीसाठी जेमतेम दहा मिनिटांचे इंधन उरत असे. त्यांच्या कॉकपिटमध्ये इंधन कमी झाल्याचा लाल दिवा होता, आणि तो लागल्यावरही इंग्लिश खाडी ओलांडायची बाकी असे. कित्येक विमाने त्या खाडीतच उतरली. २० जून १९४४ रोजी फिलिपाईन्स समुद्रातील लढाईत अमेरिकी नौदलाने जपानी ताफ्यावर दुपार कलताना २०० हून अधिक विमाने धाडली. अंतर पल्ल्याच्या टोकाशी होते, आणि ताफा आधी कळवलेल्या ठिकाणापेक्षाही सुमारे ६० मैल दूर असल्याचे विमाने निघाल्यावर समजले. हल्ला सूर्यास्ताच्या सुमारास झाला आणि वैमानिक काळोखात, रिकाम्या होत चाललेल्या टाक्यांनिशी परतू लागले. तेव्हा ॲडमिरल मार्क मित्शर यांनी शत्रूच्या पाणबुड्यांचा धोका पत्करून जहाजांवरील दिवे लावण्याचा आदेश दिला. तरीही परतीच्या वाटेवर आणि उतरताना सुमारे ८० विमाने गेली. प्रत्यक्ष हल्ल्यात गमावलेल्या विमानांपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी होती. वैमानिकांपैकी बहुतेकांना पाण्यातून वाचवता आले, हे त्या रात्रीचे खरे यश.

१९८२ च्या फॉकलंड युद्धातील एक घटना मला याहून अधिक चटका लावणारी वाटते. अर्जेंटिनाच्या मिराज विमानांना हवेत इंधन घेण्याची सोय नव्हती. मुख्य भूमीवरून बेटांपर्यंत येऊन परत जायचे, तर बेटांवर थांबायला त्यांना काही मिनिटेच मिळत. १ मे रोजी कॅप्टन गुस्तावो गार्सिया कुएर्वा यांचे मिराज ब्रिटिश सी हॅरियरशी झालेल्या झुंजीत जायबंदी झाले. परत जाण्याइतके इंधन उरले नव्हते, म्हणून त्यांनी बेटावरच्या स्टॅन्ली येथील धावपट्टीवर उतरण्याचा प्रयत्न केला, आणि खालच्या अर्जेंटिनाच्याच विमानविरोधी तोफांनी त्यांना शत्रू समजून पाडले. त्यात त्यांचा मृत्यू झाला. परतीचे इंधन गेले की वैमानिकाच्या हातातले पर्याय एकेक करून गळतात आणि उरतो तो पर्याय त्याने कधीच निवडला नसता असा असतो.

प्रश्न : विमानवाहू नौकेवरील अधिकारी वैमानिकाला ‘बिंगो’ असे सांगतात, असे वाचनात आले. मग ही वैमानिकाने द्यायची हाक आहे की त्याला मिळालेला हुकूम?

उत्तर : दोन्ही. अमेरिकी नौदलात या शब्दाला हा दुसरा अर्थ आहे. नौका किनाऱ्याच्या टप्प्यात असेल तेव्हा जमिनीवरची एक धावपट्टी पर्याय म्हणून आधीच नेमून ठेवली जाते. विमान नौकेवर उतरताना त्याच्या शेपटीखालचा हूक डेकवरच्या अडवणाऱ्या दोरात अडकला नाही तर ते पुन्हा उडून फेरी घेते. असे एकाहून अधिक वेळा झाले आणि इंधन त्या धावपट्टीपर्यंत जाण्यापुरतेच उरले, की नौकेवरून ‘बिंगो’चा हुकूम येतो आणि त्याबरोबर दिशा व अंतर सांगितले जाते. त्यानंतर आणखी एक प्रयत्न करू द्या, अशी विनंती चालत नाही. वैमानिकाने चढायचे आणि किनारा गाठायचा.

यासाठी प्रत्येक विमानाचे इंधन नौकेला सतत ठाऊक असावे लागते. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात, दिशादर्शक दिव्यांचा गोळा नजरेस पडला की वैमानिक आपला क्रमांक, विमानाचा प्रकार, ‘बॉल’ हा शब्द आणि हजार पौंडांत उरलेले इंधन एका दमात सांगतो : “टू झीरो फाइव्ह, हॉर्नेट, बॉल, फाइव्ह पॉइंट वन.” म्हणजे ५,१०० पौंड. उतरायला जेमतेम पंधरा-वीस सेकंद उरलेली असतानाही इंधनाचा आकडा सांगण्याची शिस्त मोडली जात नाही.

नौका खोल समुद्रात असेल आणि जवळपास कोणतीच धावपट्टी नसेल, तर किनाऱ्याकडे पाठवण्याचा मार्ग बंद होतो. मग हवेत इंधन देणारे विमान वर ठेवावे लागते, आणि तेही पुरले नाही तर डेकवर जाळे ताणून विमान त्यात अडवले जाते. हवेत इंधन मिळते म्हणून बिंगोचे महत्त्व उरत नाही, असे मात्र कोणी समजू नये. टँकर विमान ठरल्या जागी न सापडणे, नळी नीट न जुळणे, ढगांत भेट चुकणे हे सगळे संभवते. त्यामुळे टँकरवर भिस्त ठेवतानाही, तो भेटला नाही तर कोणत्या धावपट्टीवर जायचे आणि त्यासाठी किती इंधन हवे, हा आकडा ठरवूनच निघतात.

प्रश्न : प्रवासी विमानांचे वैमानिकही हा शब्द वापरतात का?

उत्तर : अधिकृतपणे नाही. नागरी विमान वाहतुकीत यासाठी दोन वेगळ्या हाका आहेत आणि त्यांच्यातील फरक फार मोलाचा आहे. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता आम्ही एकाच विमानतळावर उतरण्यास बांधले गेलो आहोत आणि ठरलेल्या मार्गात बदल किंवा विलंब झाला तर अंतिम राखीव इंधनाला हात लागू शकतो. जेट विमानांसाठी हे अंतिम राखीव इंधन विमानतळावर १,५०० फूट उंचीवरून ३० मिनिटे घिरट्या घालण्याइतके असते. ‘मिनिमम फ्युएल’ने प्राधान्य मिळत नाही, नियंत्रकाने परिस्थिती ओळखून अनावश्यक विलंब टाळावा, एवढीच अपेक्षा असते. उतरेपर्यंत अंतिम राखीव इंधन खर्च होणारच असे दिसले, की ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ अशी आणीबाणीची हाक द्यावी लागते.

या शब्दांची नेमकी व्याख्या होण्यापूर्वी काय घडत असे, याचे उदाहरण २५ जानेवारी १९९० रोजी मिळाले. कोलंबियातील बोगोटाहून मेडेयीनमार्गे न्यूयॉर्कला निघालेले एव्हिआन्का ५२ हे बोईंग ७०७ विमान खराब हवामानामुळे वाटेत तीन ठिकाणी मिळून १ तास १७ मिनिटे घिरट्या घालत राहिले. वैमानिकांनी नियंत्रकांकडे प्राधान्य मागितले, पर्यायी बोस्टन विमानतळापर्यंत जाण्याइतके इंधन आता उरले नसल्याचे सांगितले, उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर ‘आमचे इंधन संपत आहे’ असेही म्हटले. पण ‘आणीबाणी’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. रांगेत इतरही विमाने होती, आणि बिकट हवामानात इंधनाची कुरकुर नियंत्रकांच्या कानांना नवी नव्हती. त्यांनी विमानाला पुन्हा लांबचा वळसा दिला. एकामागून एक इंजिने बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरील कोव्ह नेक येथे कोसळले. विमानातील १५८ जणांपैकी ७३ जण मरण पावले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकांच्या इंधन नियोजनातील चुकीला आणि आणीबाणी न कळवण्याला मुख्य कारण ठरवले. त्याबरोबरच, कमी इंधन आणि आणीबाणीचे इंधन या दोन अवस्थांसाठी वैमानिक व नियंत्रक दोघांनाही सारखीच समजेल अशी प्रमाणित परिभाषा नव्हती, हेही अपघाताला हातभार लावणारे कारण म्हणून नोंदवले. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत या दोन हाका नेमक्या शब्दांत बांधल्या गेल्या. आज ‘मिनिमम फ्युएल’ ऐकल्यावर नियंत्रक त्या विमानाला अपेक्षित विलंब किती, हे लगेच सांगतो; ‘मेडे फ्युएल’ ऐकल्यावर तो इतर विमानांना बाजूला करून त्या एका विमानाला सरळ धावपट्टी देतो.